ध्वज लावणाऱ्यानेच तो उतरवलाही पाहिजे

मा. संपादक,

स. न. वि. वि.

स्वातंत्र्यदिन होऊन महिना उलटला, तरी सोलापुरातल्या कोणत्याही पेठेतून किंवा नव्या वसाहतीतून फेरी मारली, तर गच्चीवर, खिडकीच्या ग्रिलला, दुकानाच्या पाटीवर आणि रिक्षाच्या टपावर ऑगस्टमध्ये लावलेले तिरंगे अजून तसेच दिसतात. लावणाऱ्यांनी ते मनापासून लावले होते, याविषयी मला शंका नाही. परंतु आमच्या गल्लीत एका ग्रिलला पाण्याच्या पाइपचा तुकडा सुतळीने बांधून त्यावर जो ध्वज लावलेला आहे, त्याचा केशरी पट्टा उन्हाने विटून पिवळट झाला आहे, हिरव्या पट्ट्याची शिवण उसवून दोरे लोंबत आहेत आणि शेजारी वाळत घातलेले कपडे वाऱ्याबरोबर त्याच्यावर आपटत आहेत. खालून जाणाऱ्या-येणाऱ्यांना तो दिसत नाही असे नाही. पण तो काढायचा कोणी आणि काढल्यावर त्याचे करायचे काय, हे कोणालाच ठाऊक नाही. राष्ट्रध्वजाच्या सन्मानाविषयी आपल्याकडे जे बोलले जाते, ते जवळजवळ सगळे ध्वज चढवण्याविषयी असते. उतरवण्याविषयी कोणी बोलत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

सामान्य नागरिकाला आपल्या घरावर वर्षभर ध्वज लावता येऊ लागला, त्याला अजून पाव शतकही झालेले नाही. ध्वज कसा लावावा याचे नियम सांगणारी सध्याची ध्वजसंहिता २६ जानेवारी २००२ पासून लागू झाली आणि उद्योगपती नवीन जिंदाल यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००४ मध्ये, सन्मानपूर्वक ध्वज फडकवणे हा नागरिकाच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असल्याचे स्पष्ट केले. पुढे ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने हातसुताच्या ध्वजाबरोबरच पॉलिएस्टरच्या आणि यंत्रावर तयार केलेल्या ध्वजालाही परवानगी मिळाली आणि जुलै २०२२ मध्ये, उघड्यावर किंवा घरावर लावलेला ध्वज रात्रंदिवस फडकत ठेवण्याची मुभा देण्यात आली. त्याच ऑगस्टमध्ये ‘हर घर तिरंगा’ मोहीम झाली आणि टपाल कार्यालयांतून २५ रुपयांत ध्वज मिळू लागला. नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीचा किंवा हुबळीजवळच्या बेंगेरीचा खादीचा ध्वज ज्यांना परवडत नव्हता, त्यांच्याही दारात तिरंगा आला, ही आनंदाचीच गोष्ट आहे.

मात्र या सवलतीत एक गोष्ट हातातून निसटली. सूर्यास्ताला ध्वज उतरवण्याचा नियम होता, तोवर तो रोज कोणाच्या तरी हातात येत असे, त्यामुळे शिवण कुठे उसवली, रंग कुठे उडाला, हे त्याच दिवशी कळत असे. आता एकदा बांधला की पुन्हा त्याला हात लागत नाही. रात्री उतरवण्यापासून सूट मिळाली. निगा राखण्यापासून मिळालेली नाही. फाटलेला किंवा मळून विस्कटलेला ध्वज लावू नये, हे कलम संहितेत पूर्वीही होते आणि आजही आहे. पॉलिएस्टर टिकाऊ असते असे आपण धरून चालतो. पण सोलापूरच्या उन्हापुढे त्याचाही निभाव लागत नाही, हे या गावाला सांगायला नको. शिवाय बाजारात मिळणाऱ्या स्वस्त ध्वजांत लांबी-रुंदीचे ३:२ हे प्रमाणही अनेकदा पाळलेले नसते. चक्र मध्यावरून सरकलेले किंवा लंबगोल छापलेलेही मी पाहिले आहे. ज्या देशात भारतीय मानकांच्या यादीतले पहिलेच मानक राष्ट्रध्वजाच्या कापडाचे आहे, तिथे निदान विकत घेताना तरी घडी उलगडून पाहायला काय हरकत आहे?

मी शाळेत शिक्षक होतो. आमच्याकडे ध्वज बांधण्याचे काम क्रीडाशिक्षक आणि एक वयस्कर शिपाई मिळून करीत. आदल्या संध्याकाळी दोरी कप्पीतून नीट सरकते की नाही हे पाहिले जाई, घडीत झेंडूच्या पाकळ्या घालून एका हिसक्यात सुटेल अशी गाठ मारली जाई आणि ती सुटते याची खात्री करून पुन्हा बांधली जाई. समारंभ संपून मुले खाऊ घेऊन घरी गेली की बहुतेकांच्या लेखी दिवस संपलेला असे. पण हा शिपाई संध्याकाळपर्यंत थांबायचा. चढवताना ध्वज झपाट्याने वर न्यायचा आणि उतरवताना सावकाश खाली आणायचा, हा संहितेतला नियम त्याने वाचला नसेल, पण तो तसेच करायचा. ध्वजाचे टोक जमिनीला लागू नये म्हणून एकजण खाली हात पसरून उभा राहत असे. मग केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडून, दोन्ही बाजू मध्याकडे आणून, चक्र वर दिसेल अशी घडी घातली जाई आणि ती दोन्ही तळव्यांवर धरून कपाटात नेली जाई. या कामाला पाच मिनिटेसुद्धा लागत नाहीत. परंतु आजच्या गृहनिर्माण संस्थांच्या समित्यांत, गणेशोत्सव मंडळांत आणि कार्यालयांत हे करू शकणारी माणसे शोधावी लागतात. ध्वजवंदनाला पाहुणे कोण बोलवायचे, यावर बैठका होतात. संध्याकाळी उतरवायला कोण थांबणार, हे मात्र कोणी विचारत नाही.

जीर्ण ध्वजाचे काय करायचे, याचे उत्तर संहितेत आहे. असा ध्वज खासगीत, संपूर्णपणे नष्ट करावा, शक्यतो जाळून किंवा त्याची प्रतिष्ठा राखली जाईल अशा अन्य रीतीने, असे ती सांगते. समारंभात हातात धरायच्या कागदी ध्वजांनाही हेच लागू आहे. ते रस्त्यावर टाकायचे नसून घरी नेऊन त्यांची मानाने विल्हेवाट लावायची असते. प्लास्टिकचे ध्वज तर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी असलेल्या एकदाच वापरायच्या वस्तूंच्या यादीतच आहेत, तरीही ते २६ जानेवारीच्या आधी सिग्नलवर सर्रास विकले जातात. अडचण आहे ती प्रत्यक्षात. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबाने पॉलिएस्टरचा ध्वज जाळायचा कुठे? पॉलिएस्टर वितळते, काळा धूर निघतो आणि कोणी मोबाइलवर चित्रण करून समाजमाध्यमांवर टाकले, तर आदराने केलेली कृतीच अपमान म्हणून गावभर फिरायची. १९७१ च्या राष्ट्रीय सन्मान अपमान प्रतिबंध कायद्यात, सार्वजनिक ठिकाणी किंवा लोकांना दिसेल असा ध्वज जाळणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे, हे बहुतेकांनी ऐकलेले असते. खासगीत, मानाने नष्ट करण्याची रीत त्याच ध्वजाच्या संहितेने सांगितली आहे, हे ऐकलेले नसते. मग लोक ध्वज जिथल्या तिथे राहू देतात, किंवा आणखी वाईट म्हणजे रात्री गुपचूप घंटागाडीच्या कचऱ्यात घालतात. दोन्हीमागे बेपर्वाईपेक्षा भीतीच अधिक असते, असे माझे मत आहे.

ध्वजाचे इतर अपमानही उघड्यावर चाललेले असतात आणि गंमत म्हणजे ते करणाऱ्यांनाच आपण देशभक्त समजतो. ध्वजावर कोणतीही अक्षरे लिहू नयेत असा नियम असताना त्यावर मंडळाचे नाव छापले जाते. वाहनाच्या बॉनेटवर, टपावर किंवा मागच्या बाजूला ध्वज पसरू नये असे असताना फेरीतल्या मोटारी त्यानेच झाकलेल्या असतात. मोटारीवर ध्वज लावण्याचा मान तर संहितेने राष्ट्रपती, राज्यपाल, मंत्री, न्यायाधीश अशा ठरावीक पदांपुरताच ठेवलेला आहे. यांतल्या कशासाठीही कोणाला बेड्या घालाव्यात असे मी म्हणत नाही. आयोजकांना परवानगीच्या अर्जाबरोबर एक पानभर सूचना दिल्या, तरी पुष्कळ फरक पडेल.

राष्ट्रगीताच्या बाबतीतही आपली रीत अशीच आहे. २४ जानेवारी १९५० रोजी संविधान सभेने स्वीकारलेले हे गीत पूर्ण म्हणायला सुमारे ५२ सेकंद लागतात. एवढा वेळ सरळ उभे राहून सर्वांनी मिळून ते म्हणावे, इतकी साधी अपेक्षा आहे. पण आता बहुतेक वसाहतींत मोबाइल ब्लूटूथच्या स्पीकरला जोडला जातो, मध्येच एखादी जाहिरात वाजते, मग वाद्यवृंदाच्या लांबलचक सुरावटीनंतर ध्वनिफीत सुरू होते आणि जमलेले लोक ओठ मिटून ती संपण्याची वाट पाहतात. मुलांना शब्द पाठ असतात, म्हणण्याची हौसही असते; मोठ्यांचे तोंड बंद पाहून तीही गप्प राहतात. सूर लागला नाही तर लागला नाही. ध्वनिफीत बंद करून एखाद्या आजीने किंवा शाळकरी मुलीने पहिली ओळ सुरू करून दिली, तर बाकीचे आपोआप म्हणतात, हे मी अनुभवाने सांगतो.

उलट, दुसरा उभा राहिला का, यावर मात्र आपली नजर बारीक असते. महाराष्ट्रात २००३ पासून चित्रपटगृहांत राष्ट्रगीत लावले जाऊ लागले. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१६ मध्ये ते देशभर सक्तीचे केले आणि जानेवारी २०१८ मध्ये ती सक्ती मागे घेतली, जे योग्यच झाले असे मला वाटते. त्या २०१६ सालीच पणजीतल्या एका चित्रपटगृहात, उभेच राहू न शकणाऱ्या एका अपंग लेखकाला, तो राष्ट्रगीताला बसून राहिला म्हणून मागच्या प्रेक्षकांनी मारले होते. त्याच्या कितीतरी आधी, ऑगस्ट १९८६ मध्ये, केरळमधील तीन शाळकरी भावंडांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला होता. ही मुले राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, मात्र धर्मश्रद्धेमुळे ते म्हणत नसत; त्यांना शाळेतून काढणे चूक ठरले. हा निकाल शाळांच्या सूचनाफलकावर लावण्याजोगा आहे. स्वतः तोंड न उघडता दुसऱ्याच्या खुर्चीकडे पाहणाऱ्याला राष्ट्रगीताचा अभिमान कितपत आहे, याची मला शंका वाटते.

तेव्हा माझ्या दोन सूचना आहेत, त्या आपल्या वृत्तपत्रामार्फत संबंधितांपर्यंत पोहोचाव्यात. पहिली टपाल खात्यासाठी. ज्या खिडकीवर ध्वज विकला जातो, त्याच खिडकीवर जीर्ण ध्वज परत घेण्याची सोय असावी. पेटी, तिच्यावर एक ओळीची सूचना आणि साठलेले ध्वज ठरावीक काळाने मानाने नष्ट करण्याची जबाबदारी, यापेक्षा अधिक काही लागत नाही. टपाल कार्यालय गावोगाव आहे आणि घरी येणारा पोस्टमन लोकांच्या विश्वासातला आहे.

दुसरी सूचना सोलापूर महानगरपालिकेसाठी. इंग्रजांचा अंमल असताना १९३० साली आमच्या नगरपालिकेच्या इमारतीवर तिरंगा चढला होता. त्याच वर्षी मे महिन्यात शहरावर लष्करी कायदा लादला गेला आणि मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा या चार स्वातंत्र्यसैनिकांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली. तेव्हाच्या ध्वजावर चक्राच्या जागी चरखा होता आणि पट्टे पांढरा, हिरवा व लाल असे होते. त्या नगरपालिकेच्या वारशाने चालणाऱ्या संस्थेने प्रत्येक विभागीय कार्यालयात ध्वज संकलनाची सोय करावी आणि जाळण्याऐवजी, धूर न करता पॉलिएस्टर मानाने नष्ट करण्याची एखादी पद्धत पर्यावरण विभागाकडून ठरवून घ्यावी. दरवर्षी १२ जानेवारीला हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार घालण्यासाठी महापालिकेचे अधिकारी आणि लोकप्रतिनिधी एकत्र येतातच. येत्या वर्षी त्याच दिवशी ही सोय जाहीर झाली, तर प्रजासत्ताक दिनापूर्वी जुने ध्वज जमा करायला लोकांना दोन आठवडे मिळतील.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सोलापूर