चोर्ला घाट नको, सत्तरीच्या आतल्या रस्त्याने या

मा. संपादक,

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत चोर्ला घाटातल्या सायकल सफरीवर लेख आला होता. फोटो सुरेख होते. योगायोग असा, की त्याच सकाळी मी केरीच्या तिठ्यावर चहा पीत होतो आणि पणजीकडून आलेली आठ-दहा मुले घाटाला लागताना बघत होतो. चकचकीत हेल्मेटे, एकसारखे शर्ट. ती पहिल्या वळणाआड जातात न जातात तोच वरून भाजीचा ट्रक उतरला. बेळगावची भाजी गोव्यात येते ती याच वाटेने, आणि बाजार गाठायचा म्हणून सकाळी लवकर येते. नेमकी तीच वेळ सायकलवाल्यांचीही.

त्या लेखात ट्रकचा उल्लेख नाही, धुक्याचा नाही आणि उतारावर ब्रेक किती तापतात याचाही नाही. समुद्रसपाटीजवळच्या साखळीहून निघून सुमारे ८०० मीटर उंचीवरच्या चोर्ल्यापर्यंत चढायचे म्हणजे माणूस ताशी सात-आठ किलोमीटरने रांगतो, आणि तेवढा सगळा वेळ मागून बस आणि समोरून ट्रक. वळणावर कडेला सरकायला जागा नाही. अंजुणे धरणाचे पाणी खाली चमकते ते खरे, पण ते बघायला मान वळवायची सोय कुठे आहे?

मी वाळपईचा, म्हणजे गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला. शाळेतून निवृत्त झालो, गुडघे कुरकुरू लागले, डॉक्टर म्हणाले चाला किंवा सायकल चालवा. मी दुसरे निवडले. गेली काही वर्षे आठवड्यातून तीन सकाळी मी म्हादई नदीच्या खोऱ्यातल्या आतल्या रस्त्यांवर असतो, आणि माझे म्हणणे एवढेच आहे की लोकांना सायकलवर आणायचे तर त्यांना घाटात नका पाठवू, इकडे पाठवा.

इकडे म्हणजे कुठे? वाळपईहून नगरगावच्या बाजूला निघालात की सहा-सात किलोमीटरवर ब्रह्मकरमळी. तिथे ब्रह्मदेवाची मूर्ती आहे. उभी, मधल्या मुखाला दाढी असलेली, कदंब काळातली. तिसवाडीतल्या करमळीहून सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या धाकाने लोकांनी देव उचलला तो इथे, नद्या ओलांडून सत्तरीत आणला, आणि गावाला नावही देवाबरोबरच आले. मी देवळाच्या पायरीवर पाणी पितो तेव्हा दर वेळी वाटते, मला तर गियर आहेत. त्या माणसांनी ही वाट दगडाची मूर्ती घेऊन पार केली.

दुसऱ्या दिवशी नाणूस. वाळपईला लागूनच म्हणावे इतके जवळ. १८५२ च्या २६ जानेवारीला दीपाजी राणे यांनी तिथला किल्ला घेतला आणि १८५५ पर्यंत पोर्तुगीज सरकारला झोप लागू दिली नाही. प्रजासत्ताक दिनाला तिथे मानवंदना होते, त्या दिवशी गाड्यांची रांग लागते. एरवी किल्ला शोधावा लागतो. मुख्य रस्त्यावरून कुठे वळायचे ते मला माहीत आहे, कारण मी इथला. मागच्या डिसेंबरात मडगावची दोन मुले माझ्याकडे रस्ता विचारत आली. किल्ल्याच्या वळणापुढे चार किलोमीटर निघून जाऊन परत फिरली होती. फलक आहे, पण त्याच्यावर वेल चढली आहे. मीच एकदा काठीने ती ओढून काढली. श्रावणात पुन्हा चढली.

दमदार मंडळींना आतल्या रस्त्याने तांबडी सुर्लपर्यंत जाता येते. काळ्या बेसाल्टचे ते महादेवाचे देऊळ जंगलात दडलेले होते म्हणून वाचले असे सगळेच सांगतात. सायकलवरून तिथे पोचले की हे बोलणे पायांना पटते. शिवाय वाटेवरच्या गावांत वीरगळ आहेत, केळबाय आहे. गजलक्ष्मीला आमच्याकडे केळबाय म्हणतात. गाडीतून जाणाऱ्याला हे दिसत नाही. ताशी पंधराच्या वेगाला दिसते.

आता तक्रार. गेल्या वर्षी पावसाच्या तोंडावर अशाच एका रस्त्याच्या कडेने पाइप टाकायला चर खणला. कोणाचे काम होते ते लिहीत नाही, पुढच्या वर्षी दुसरे कोणी खणेल. चर मातीने बुजवला, वरून डांबर नाही. पहिल्या दोन सरींत माती खचली आणि डांबराच्या कडेला लांबच्या लांब वीतभर खोल फट राहिली, बरोबर टायरच्या मापाची. मागून पिकअप आली म्हणून मी कडेला झालो, पुढचे चाक त्या फटीत उतरले आणि पुन्हा वर येईना. हँडल वळवायला गेलो तसा आडवा झालो. मनगट पाच आठवडे प्लास्टरात. समोरच्या घरातली बाई धावत आली, पाणी दिले, मग म्हणाली, “मास्तर, गाडी विकली काय कितें?” दुसऱ्या दिवशी तिनेच त्या चरात माडाचे चुडत, म्हणजे झावळी, रोवून ठेवले, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावे म्हणून. ते चुडत वाळून गळेपर्यंत तिथे होते. डांबर नंतर आले.

म्हणून सायकल पर्यटनाच्या नावाने मोठे काही बांधू नये अशी माझी विनंती आहे. वेगळा मार्ग नको, रंगीत पट्टे नकोत, आणि रुंदीकरण तर मुळीच नको. रस्ता रुंद झाला की कडेचे आंबे-फणस जातील आणि आज न येणारे ट्रकही जवळची वाट म्हणून आत शिरतील. खणलेला चर त्याच आठवड्यात डांबराने बुजवावा. पावसाळा सरला की वळणावर वाहून आलेली खडी झाडून काढावी. चारचाकीला ती कळतही नाही, सायकल मात्र तिच्यावर साबणावरून जावी तशी सरकते. तिठ्या-तिठ्यावर मराठीत गावाचे नाव, अंतर आणि पुढे काय आहे एवढे लिहिलेले फलक हवेत, आणि वर्षातून दोनदा त्यांच्यावरची वेल काढायला एक माणूस. हे पंचायतीलाही झेपेल.

येणाऱ्यांनाही एक सांगतो. या खोऱ्याचा बराच भाग म्हादई अभयारण्य आहे, १९९९ पासून. उजाडण्याआधी निघू नका. गवा रस्त्यात उभा असतो आणि तो घंटी वाजवून हलत नाही. दिसला तर लांबच थांबा, फोटोच्या नादाने पुढे सरकू नका. जुलै-ऑगस्टात सावलीतल्या डांबरावर हिरवे शेवाळ धरते, तेव्हा ब्रेक दाबण्यापेक्षा उतरून चाललेले बरे. सप्टेंबर सरता सरता या. शेवाळ सुकलेले असते, ओढ्यांना पाणी असते. वाळपईपर्यंत सायकल गाडीवर बांधून आणली तरी कोणी हसणार नाही. पंक्चरचे सामान मात्र स्वतःचे घ्या. बाजार मागे पडला की पुढे दुकान नाही, आणि मी काही रोज त्या वाटेवर नसतो.

आपला,
एक सायकलस्वार वाचक,
वाळपई, सत्तरी