विमानाचे किट : पेटीत असते ते आणि नसते ते

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

उन्हाळी सुट्टीतील छंदांविषयी आपल्या पुरवणीत नुकताच जो मजकूर आला, त्यात प्रवासी विमानांच्या प्लॅस्टिक किटचा (सुटे भाग जोडून छोटी प्रतिकृती करण्याच्या पेटीचा) उल्लेख पाहून आनंद झाला. मात्र झटपट चिकटणारा डिंक वापरावा, स्टिकर लावावेत आणि दोन दिवसांत विमान तयार करावे, असा जो क्रम त्यात सुचविला आहे, तो पाळल्यास विमान पुरे होण्याआधी मुलाचा उत्साहच मावळेल, हे नम्रपणे नोंदवावेसे वाटते. वाळूज औद्योगिक वसाहतीत प्लॅस्टिकचे साचे तयार करण्यात माझी सारी नोकरी झाली आणि त्याच काळात विमाने जोडण्याचा छंदही जडला. त्यामुळे किटची पेटी उघडली की मी तिच्याकडे टूलरूममधल्या, म्हणजे साचे घडविणाऱ्या कार्यशाळेतल्या, माणसाच्या नजरेने पाहतो. साच्यातून काय निघू शकते, काय निघूच शकत नाही आणि उरलेले काम घरातल्या टेबलावर कसे करावे लागते, एवढेच या पत्रात सांगायचे आहे.

प्रवासी विमानांच्या किटसाठी रुळलेले प्रमाण १:१४४, म्हणजे खऱ्या विमानाच्या एकशे चव्वेचाळिसाव्या भागाएवढे, हे आहे. साडेसदतीस मीटर लांबीची एअरबस ए३२० या प्रमाणात २६ सेंटिमीटरची होते, तर सत्तर मीटरहून थोडे लांब असलेले जुने बोइंग ७४७ अर्ध्या मीटरला जेमतेम कमी भरते. हा आकडा खरा कळतो तो उलट गुणाकार केल्यावर. पंखाची मागची कड किटमध्ये अर्धा मिलिमीटर जाड असेल, तर खऱ्या विमानात ती ७२ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ तीन इंच जाड झाली, आणि कोणत्याही विमानाची ती कड इतकी बोथट नसते. यात कारखानदाराची हयगय नाही. वितळलेले पॉलिस्टायरीन (किटचे प्लॅस्टिक) फार अरुंद पोकळीत शिरू पाहताना वाटेतच गार होऊन थिजते, म्हणून साचा करणाऱ्याला तेवढी जाडी ठेवावीच लागते. पंखाचा वरचा आणि खालचा भाग चिकटविण्यापूर्वी दोहोंच्या मागच्या कडा आतल्या बाजूने वॉटर पेपरवर (बारीक घासकागदावर) घासून पातळ केल्या, तर तयार विमानाच्या रूपात जो फरक पडतो तो कोणत्याही महागड्या रंगाने पडत नाही.

विमानाचे धड डाव्या आणि उजव्या अशा दोन भागांत येते, यालाही साच्याचेच कारण आहे. दोन्ही टोकांना निमुळते होणारे पोकळ नळकांडे एकसंध ओतले, तर आतला गाभा बाहेर काढायला वाट उरत नाही. त्यामुळे नाकापासून शेपटीपर्यंत पाठीवरून आणि पोटाखालून एक लांब सांधा येतो, जो खऱ्या विमानाला नसतो. हा सांधा नाहीसा करणे हेच या छंदातले सर्वांत मोठे काम असून, नेमके तेच आपल्या पुरवणीतील क्रमातून गळले आहे. येथे झटपट डिंक कामाचा नाही, कारण तो दोन भागांच्या मध्ये कडक थर होऊन बसतो आणि त्याच्या वाफेने पारदर्शक भागांवर पांढुरके धुके चढते. किटसाठी मिळणारे 'सिमेंट' नावाचे पातळ चिकटद्रव्य प्लॅस्टिकलाच किंचित विरघळवते. दोन्ही अर्धे भाग हाताने जुळवून धरावेत आणि सिमेंटचा ब्रश सांध्याला नुसता टेकवावा, म्हणजे ते फटीतून आपोआप आत ओढले जाते. हलका दाब दिल्यावर वितळलेल्या प्लॅस्टिकची बारीक कड बाहेर येते, आणि ती पूर्ण वाळल्यावर कानशीने व क्रमाक्रमाने बारीक होत जाणाऱ्या वॉटर पेपरने घासली की सांधा बोटालाही लागत नाही. उरलेल्या खड्ड्यांसाठी मोटारींना रंग देणारे कारागीर वापरतात ती लांबी (पुट्टी) पुरते, परंतु तिचा थर पातळ असावा आणि एक वाळल्यावरच दुसरा द्यावा.

सांधा बंद करण्याआधी नाकात वजन घालायचे असते. खऱ्या विमानाचा भार मुख्य चाकांच्या थोडा पुढे येईल अशी रचना असते, पण प्लॅस्टिकचे वजन भिंतींच्या जाडीप्रमाणे विभागले जाते. त्यामुळे वजन न घातलेले विमान पुष्कळदा नाक वर करून शेपटीवर बसते, आणि धड एकदा चिकटले की त्यावर उपाय करणे अवघड होते. सायकलच्या दुकानात मिळणारे छर्रे एम-सीलमध्ये दाबून कॉकपिटच्या मागे बसवावेत. शिशाचे तुकडे लहान जागेत अधिक वजन देतात हे खरे, तरी मुलांच्या हाती ते न दिलेले बरे.

खिडक्यांच्या बाबतीत मतभेद आहेत. काही किटमध्ये खिडक्यांच्या पारदर्शक पट्ट्या आतून चिकटवायच्या असतात. त्यांतील एखादी पट्टी धड बंद झाल्यावर निसटली, तर ती कायमची पोटात खुळखुळत राहते. या प्रमाणात एक खिडकी जेमतेम दोन मिलिमीटर उंच असते आणि तिच्यातून आतले काही दिसतही नाही. म्हणून माझा कौल खिडक्या बुजवून, सगळे धड गुळगुळीत करून, वर खिडक्यांचे डेकल (पातळ छापील चित्रे) लावण्याच्या बाजूने आहे. ज्यांना उघड्या खिडक्याच हव्यात त्यांनी शेवटी काडीच्या टोकाने पांढरा फेव्हिकॉल त्या भोकांवर ताणून भरावा. तो वाळला की पारदर्शक होतो.

आता रंग, आणि येथे आपल्या मराठवाड्याचे हवामान आडवे येते. परदेशी सूचनापत्रकांत ज्या खोलीची कल्पना केलेली असते, ती एप्रिल-मेमधल्या आपल्या खोलीशी जुळत नाही. पारा चाळिशीपार गेला की स्प्रेमधून निघालेला ॲक्रिलिक रंग प्लॅस्टिकवर पोचण्याआधीच हवेत सुकतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. पावसाळ्यात याच्या उलट घडते, कारण हवेतल्या ओलाव्याने लॅकर रंगावर पांढुरकी साय धरते. उन्हाळ्यात पहाटेची वेळ आणि पावसाळ्यात उघडीप पाहून रंग द्यावा, त्याआधी जमिनीवर पाण्याचा हलका शिडकावा करून धूळ बसवावी, आणि रंगवलेले विमान वाळेपर्यंत झाकून ठेवावे. उन्हात मात्र कधीही ठेवू नये, कारण पातळ पंख तापून वाकू शकतात. वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसलेल्या गावांत स्प्रेला हवा पुरविणाऱ्या कॉम्प्रेसरवर विसंबण्यापेक्षा मोटारींच्या रंगाच्या दुकानात मिळणारा स्प्रेचा डबा बरा. मात्र त्यातला द्रावक तीव्र असतो, म्हणून आधी किटचे भाग ज्यांना जोडून येतात त्या टाकाऊ दांड्यांवर त्याची परीक्षा घ्यावी आणि विमानावर अगदी पातळ थर द्यावेत. ज्वालाग्राही असल्यामुळे रंग व थिनर हवाई टपालाने पाठविता येत नाहीत, तेव्हा स्थानिक दुकानाशी ओळख वाढविणे ओघानेच येते. रंगकाम गच्चीवर किंवा उघड्या खिडकीशी, तोंडाला मास्क बांधून करावे, आणि लहान मुलांच्या हाती स्प्रे व धारदार पाते देऊ नये.

प्रवासी विमानाचा मुख्य रंग पांढरा असतो, आणि पांढऱ्याइतका चुगलखोर रंग दुसरा नाही. करड्या प्रायमरचा (रंगाआधीच्या अस्तराचा) थर दिल्यावर राहिलेला प्रत्येक ओरखडा दिसतो. तो तेव्हाच दुरुस्त केला नाही, तर वरच्या तकतकीत थरात तो दुपटीने उठून दिसतो. लढाऊ विमानांची किट करणाऱ्यांना मळ, गंज, तेलाचे ओघळ दाखविण्याची हौस असते. प्रवासी विमान वेळोवेळी धुतले जाते, म्हणून तेथे हात आखडता घ्यावा. पत्र्यांच्या सांध्यांची किटवरील रेष ०.२ मिलिमीटर रुंद धरली तरी खऱ्या विमानात ती सुमारे तीन सेंटिमीटरची फट ठरते. अशा रेषांत काळा रंग भरणे मला पटत नाही, फिकट करडा पुरेसा असतो. शेपटीच्या टोकाशी सहायक इंजिनाचा धूर निघतो तेथे थोडी काजळी आणि चाकांच्या कप्प्यांत थोडी धूळ, इतके पुष्कळ झाले.

पेटीत येतात ते स्टिकर नसून पाण्यात भिजवून सरकविण्याचे डेकल असतात. ते मॅट रंगावर लावले तर खडबडीत पृष्ठभागात हवा अडकून चंदेरी झाक येते, म्हणून आधी तकतकीत वार्निशचा थर आवश्यक असतो.

येथवर झाले ते पेटीवरच्या चित्राप्रमाणे विमान करणे. खरी गोडी त्यापुढे, आपण पाहिलेले एखादे विमान त्या पेटीतून घडविण्यात आहे. छत्रपती संभाजीनगरच्या माझ्या पिढीला प्रथम आठवते ते इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७-२००. परंतु २६ एप्रिल १९९३ रोजी चिकलठाणा विमानतळावरून उड्डाण करताना त्याच प्रकारचे विमान धावपट्टीपलीकडच्या रस्त्यावर कापसाच्या गाठी नेणाऱ्या ट्रकला धडकले आणि ५५ जण मृत्युमुखी पडले. ते विमान कपाटात ठेवावे असे मला वाटत नाही. त्याऐवजी १९८९ मध्ये त्या कंपनीच्या ताफ्यात आलेले ए३२० मी सुचवीन, कारण त्यात अभ्यासाला भरपूर वाव आहे.

बाजारातली आजची बहुतेक किट नव्या ए३२० ची असतात, ज्यांच्या पंखांच्या टोकांना वर वळलेले उंच शार्कलेट असतात. १९८९ च्या विमानाला ते नव्हते, त्या जागी बाणाच्या टोकासारखे छोटे पाते होते. इंजिनेही पाहून घ्यावी लागतात. इंडियन एअरलाइन्सची इंजिने व्ही२५०० जातीची, ज्यांचे आवरण पार मागच्या टोकापर्यंत एकसंध जाते. सीएफएम५६ या दुसऱ्या जातीच्या इंजिनाचे बाहेरचे आवरण आधीच संपते आणि आतला भाग मागे वेगळा दिसतो. मात्र सर्वांत महत्त्वाचा फरक चाकांत आहे. जगभरच्या ए३२० ला प्रत्येक मुख्य पायाला (पंखाखालच्या चाकांच्या दांड्याला) दोन-दोन चाके असतात, तर इंडियन एअरलाइन्सने आपल्याकडच्या कमी मजबूत धावपट्ट्यांचा विचार करून एका पायाला चार चाकांची बोगी, म्हणजे एका दांडीवर पुढे-मागे बसविलेल्या चाकांच्या दोन जोड्या, मागविली होती, जेणेकरून विमानाचा भार अधिक जागेवर पसरावा. नेहमीच्या किटमध्ये ही बोगी येत नाही. किटचा पाय खालून कापून, त्याला प्लॅस्टिकच्या दांडीचा आडवा तुकडा जोडून, इंजेक्शनच्या सुईच्या नळीचे आस करून, त्यांवर मूळ चाकांपेक्षा लहान अशी आठ चाके बसवावी लागतात. छायाचित्रे समोर ठेवून हे केले की विमान एका नजरेत ओळखू येते.

रंगसंगती त्या मानाने सोपी आहे: पांढरे धड, खाली फिकट धातूसारखे करडे पोट, नारिंगी शेपूट आणि तिच्यावर पांढरे बोधचिन्ह. कंपनीचे नाव एका बाजूस देवनागरीत व दुसऱ्या बाजूस इंग्रजीत होते, हे विसरून अनेक जण दोन्हीकडे इंग्रजी अक्षरेच लावतात. २००५ मध्ये कंपनीचे नाव 'इंडियन' झाले आणि शेपटीवर कोणार्कचे चक्र आले, तेव्हा कोणत्या वर्षीचे विमान करायचे ते आधी ठरवावे. घरचा प्रिंटर पांढरी शाई छापत नाही, म्हणून शेपटीवरचे चिन्ह डेकलने साधणे कठीण जाते. शेपूट आधी पांढरी रंगवावी, गाड्यांच्या नंबरप्लेट करणाऱ्या रेडियमवाल्याकडून चिन्हाच्या आकाराचे स्टिकर कापून घेऊन चिकटवावे, वर नारिंगी फवारावा आणि स्टिकर उचलावे.

चार चाकांची बोगी पेटीत का येत नाही, याचे उत्तर साच्याच्या खर्चात आहे. पोलादी साचा घडविण्याचा खर्च एका देशातल्या एका कंपनीच्या चाकांसाठी वसूल होणे अवघड. म्हणून संपूर्ण भारतीय किट कोणी काढावे, अशी माझी मागणी नाही. परंतु चाकाचे दोन अर्धे भाग आणि बोगीची दांडी एवढेच काढायचे असेल, तर ॲल्युमिनियमचा दोन पाट्यांचा छोटा साचा आणि हाताने चालणारे मोल्डिंग यंत्र पुरते, त्याला सरकते भागही लागत नाहीत. चिकलठाणा एमआयडीसीत इंडो जर्मन टूल रूम आहे, वाळूज व शेंद्रा परिसरात मोल्डिंगचे कारखाने आहेत, आणि साच्याची रचना शिकणाऱ्या विद्यार्थ्याला अभ्यासप्रकल्प म्हणून हे काम झेपण्यासारखे आहे. त्यांच्यापैकी कोणी हा विषय घेणार असेल, तर मी काढून ठेवलेली मापे आणि हाताने घडविलेली एक जोडी नमुन्यादाखल द्यायला तयार आहे. आपल्या कार्यालयामार्फत निरोप आला तरी चालेल.

आपला,
एक वाचक
सिडको, छत्रपती संभाजीनगर