कुगेल हेल्दी करा, पण त्यात शेवया तरी राहू द्या

संपादकसाहेब, सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत ज्यू लोकांच्या नूडल पुडिंगची, म्हणजे कुगेलची, ‘हेल्दी’ रेसिपी आली होती ती भाचीने व्हॉट्सअपवर पाठवली. मी मूळची पनवेलची, बेने इस्राएल म्हणजे कोकणातली ज्यू, लग्न होऊन इकडे इस्रायलमध्ये अश्दोदला आले त्याला चाळीसच्या वर वर्षं झाली, पण सकाळचा चहा अजून मराठी पेपरशिवाय उतरत नाही, आता पेपर मोबाइलवर असतो एवढंच. रेसिपी वाचली आणि राहवेना.

पहिली गोष्ट म्हणजे त्यात चीज, दही सगळं घालायला सांगितलंय आणि खाली लिहिलंय की रोस्ट चिकनसोबत वाढा. अहो, ज्यूंचा पदार्थ म्हणून छापताय ना, मग दूध आणि मांस एका जेवणात चालत नाही ही साधी गोष्ट कुणाला तरी विचारायची. आमचे कोकणातले पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं, त्यांनीसुद्धा हा नियम सोडला नाही, मटणाच्या जेवणावर गोड हवं तर नारळाचं दूध. आमच्या नव्या वर्षाचा गव्हाच्या चिकाचा हलवा नारळाच्या दुधातच होतो. कुगेलचंही तसंच, दुधाचं वेगळं, ते शावुओतसारख्या सणाला नाहीतर दुधाच्या जेवणाला, आणि शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, चिकनबरोबर असतं ते नुसतं तेल आणि अंड्याचं.

आता ‘हेल्दी’चं बघू. ओट्स, बदामाचं पीठ, गूळ, झीरो फॅट दही, आणि शेवया कुठेच नाहीत! कुगेल म्हणजे मुळात गोळा, लोक्शेन म्हणजे शेवया, म्हणून लोक्शेन कुगेल. बटाट्याचंही कुगेल असतं, पण तुम्ही नूडल पुडिंग म्हणालात म्हणून बोलते. हे म्हणजे पुरणपोळीतलं पुरण काढून वर हेल्दी म्हणायचं.

मी हे सगळे प्रयोग करून बसलेय म्हणून एवढं बोलते. माझ्या विहीणबाई अमेरिकेतून आलेल्या, त्यांची आजी पोलंडची, त्यांच्याकडचं कुगेल म्हणजे ३४० ग्रॅम रुंद अंड्याच्या शेवया, सहा अंडी, जवळजवळ अर्धा किलो कॉटेज चीज, तेवढंच आंबट क्रीम, ११० ग्रॅम बटर आणि कपभर म्हणजे २०० ग्रॅम साखर, वरून कॉर्नफ्लेक्सचा चुरा. त्याचे बारा तुकडे केले तर एका तुकड्यात चार चमचे साखर. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवलेली बरी, म्हणजे एका तुकड्यात निम्म्याहून जास्त कोटा संपला, आणि आमच्याकडे एका तुकड्यावर कोण थांबतंय. ह्यांना डायबेटीस निघाला तेव्हापासून मी ह्या ट्रेच्या मागे लागले.

आधी गूळ घातला. दूध गरम असताना घातला, दूध फाटलं. बरं, गूळ म्हणजे हेल्दी हेही एक खूळच आहे, कॅलरी जवळपास साखरेएवढ्याच. मग झीरो फॅटचं दही घातलं तर ओव्हनमध्ये त्याला पाणी सुटलं, वर रवाळ चोथा आणि खाली निवळ. गव्हाच्या शेवया पाकिटावर लिहिल्याइतक्या उकडल्या तर बेक होऊन त्यांची खिमट झाली, ते मी आणि ह्यांनी दोन दिवस चमच्याने खाल्लं, टाकवेना. स्टीव्हियाचं तर विचारू नका, जावई फार सभ्य आहे, त्याने सगळं खाल्लं आणि दोन ग्लास पाणी प्यायला.

शेवटी जमलं ते आपल्या श्रीखंडाच्या युक्तीने. आंबट क्रीमच्या जागी घरचा चक्का, साधं दही रात्रभर फडक्यात टांगून, फार आंबट नको. पाणी आधीच गेलेलं असतं त्यामुळे फाटत नाही, तरी मी एक चमचा कॉर्नफ्लोअर घालते. कॉटेज चीजच्या जागी इकडे पाच टक्के फॅटचं पांढरं चीज मिळतं, तुम्ही ताजं पनीर न दाबता, मऊच, हाताने मळून घ्या. शेवया २५० ग्रॅम, निम्म्या गव्हाच्या निम्म्या नेहमीच्या, आणि उकडताना दोन मिनिटं कमी, जरा कच्चट असतानाच काढायच्या, बाकीचं काम ओव्हन करतो. चार अंडी. साखर फक्त ६० ग्रॅम, पण दोन आंबटगोड सफरचंदं किसून घट्ट पिळून घालते (पिळायला विसरलात तर ट्रेच्या तळाला डबकं), मूठभर बेदाणे, दालचिनी सढळ हाताने, आणि चिमूटभर मीठ, त्याने गोडी उठते. बटर नुसतं भांड्याला लावण्यापुरतं. ओव्हन १८० डिग्रीला.

साखर ६० ग्रॅम म्हणजे तुकड्याला ५ ग्रॅम, वर बेदाणे सफरचंदाची असते ती वेगळी. तरी डायबेटीसवाल्यांनी हुरळून जाऊ नये, साखर काढली तरी शेवया शेवयाच, आमच्या ह्यांना एकच तुकडा मिळतो आणि त्या दिवशी ब्रेड नाही. अंडी मात्र काढू नका, सगळं त्यांनीच धरून ठेवलेलं असतं. ज्यांना अंडं चालत नाही त्यांनी सरळ शेवयांची खीर करावी, ती काय कमी आहे का.

आणि जेरुसलेमी कुगेलच्या वाटेला तर कुणी जाऊच नका. ते बारीक शेवयांचं, तेलात साखर जाळून काळपट करायची, भरपूर मिरी, आणि मंद आचेवर रात्रभर. त्यात साखर कमी केली तर रंग नाही आणि तो कडवट गोडपणाही नाही. त्याचा पातळ काप घ्यावा, बरोबर आंबवलेली काकडी, आणि गप्प बसावं.

एक राहिलंच. कुगेलचा जीव असतो कडेला, जिथे शेवया वर आलेल्या असतात आणि करपायच्या आधी कुरकुरीत होतात. आमच्याकडे ट्रेच्या चार कोपऱ्यांवरून नातवंडांची दर वेळी मारामारी, आणि मग भरपाई म्हणून मधले दोन दोन तुकडे प्रत्येकाला. गेल्या वर्षीपासून मी तेच मिश्रण बारा मफिनच्या साच्यात भरते, पंचवीस तीस मिनिटांत होतं, प्रत्येकाला चहूबाजूंनी कड मिळते आणि दुसरा मागायची कुणाची टाप नाही कारण मोजून बाराच असतात. विहीणबाईंनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाल्या हे कुगेल नाही, हे केक आहेत. मग एक खाल्लं, आणि दुसरं पर्समध्ये टिश्यूत गुंडाळून नेलं, मी बघितलं, काही बोलले नाही.

तेवढं चिकनचं मात्र पुढच्या रविवारी दुरुस्त करून छापा.

आपली,
अश्दोदची एक पनवेलकरीण