हेलिकॉप्टर रद्द केलं म्हणून पायलटवर राग काढू नका

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

केदारनाथला हेलिकॉप्टर रद्द झालं, आपल्या साताऱ्याच्या यात्रेकरूंचे हाल झाले अशी बातमी दरवर्षी येते आणि त्यावर लोकांचं म्हणणं ठरलेलं असतं, पाऊस नव्हता, हेलिपॅडवर ऊन होतं, मग उडवायला काय झालं? मी आर्मीत हेलिकॉप्टरच्या मेंटेनन्सला होतो, म्हणून हे लिहितोय.

खाली ऊन असलं तरी वर काय चाललंय ते कळत नाही. हजार मीटर वर गेलं की साधारण साडेसहा अंश कमी होतात. खोऱ्यात १२ अंश असले तर तिथून २००० मीटर वर शून्याच्या खाली, आणि केदारनाथच मुळात साडेतीन हजार मीटरवर आहे. आता ढगातले बारीक थेंब शून्याच्या खाली जाऊनही लगेच गोठत नाहीत, उणे १५-२० पर्यंतसुद्धा पाणीच राहू शकतात आणि कशावर आदळले की तिथंच बर्फ होतात. पंख्याचं पातं अरुंद आणि वेगात, त्यामुळं बॉडीपेक्षा त्यावर बर्फ लवकर धरतो. टोकाचा वेग ताशी ७०० किमीच्या वर असतो, तिथं हवा दाबून थोडी गरम होते म्हणून टोक बरंचसं मोकळं राहतं, पण आतल्या बाजूला साचत जातो. फिरतं पातं पायलटला दिसत नाही हो! टॉर्कचा, म्हणजे पंखा फिरवायला इंजिन किती जोर लावतंय त्याचा काटा चढायला लागला, उंची तीच, वेग तोच पण ताकद जास्त लागतेय, यावरून ओळखायचं.

मग एका पात्याचा बर्फ सुटला आणि दुसऱ्याचा राहिला की तोल जातो, सगळं मशीन थरथरतं, सुटलेला तुकडा मागच्या पंख्यावर बसू शकतो नाहीतर इंजिनात जाऊ शकतो. मला सगळ्यात भीती वाटते ती पुढच्या गोष्टीची. इंजिन बंद पडलं तरी खालून येणाऱ्या हवेवर पंखा फिरत राहतो आणि पायलट सुखरूप उतरवू शकतो, त्याला ऑटोरोटेशन म्हणतात, पण पात्याचा आकार बर्फानं बिघडला की हवा अडते, फेरे टिकत नाहीत आणि तो शेवटचा आधारही जातो.

काही मोठ्या हेलिकॉप्टरच्या पात्यात हीटर असतात. यात्रेला जी छोटी एक इंजिनाची असतात त्यात नसतात, बर्फ धरेल अशा ढगात जायला त्यांना परवानगीच नाही. रात्री पात्यावर दव गोठलं असेल तर ते पूर्ण काढल्याशिवाय सुरूसुद्धा करायचं नाही, आम्ही हात फिरवून बघायचो.

१८ ऑक्टोबर २०२२ आणि १५ जून २०२५, केदारनाथ भागात दोन अपघातात सात-सात माणसं गेली. तिथं बर्फ होता असं मी म्हणत नाही, पण दोन्ही वेळा हवा खराब होती आणि हेलिकॉप्टर वर होतं.

आपल्याकडच्या टूरवाल्यांना विनंती आहे की एक-दोन दिवस जादा धरूनच प्रोग्राम आखा, म्हणजे परतीच्या रेल्वेसाठी कुणी पायलटच्या मागं लागणार नाही. आणि साहेब, तुम्ही रद्दची बातमी छापताना त्या दिवशी शून्य अंश किती उंचीवर होतं ते विचारून एक ओळ टाकता आली तर बघा.

आपला,
एक माजी सैनिक, ता. कोरेगाव, जि. सातारा