सॅन होझेला स्वतःचं गाणं आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला कॅलिफोर्नियातल्या सॅन होझे शहरावरचा प्रवासलेख वाचला. बड्या कंपन्यांची आवारं, भारतीय वाणसामानाची दुकानं, मंडळाचा गणपती, सगळं त्यात आलं. शेवटी मात्र लेखकांनी ठोकून दिलं आहे की या शहराला स्वतःची अशी संस्कृती नाही, जे आहे ते बाहेरून आलेलं. या एका वाक्यासाठी हे पत्र.

मी लेकीकडे सहा महिन्यांच्या मुक्कामाला येते. पहिल्या दोन खेपांना माझंही मत हेच होतं, त्यामुळे लेखकांवर राग नाही. लेकीच्या शेजारी मेक्सिकोच्या सिनालोआ राज्यातून आलेल्या एक बाई राहतात, साधारण माझ्याच वयाच्या. त्यांचं इंग्रजी बेताचं, माझं स्पॅनिश शून्य. आमची मैत्री कढीपत्त्याच्या आणि लिंबांच्या देवाणघेवाणीवर चालते. यंदा त्यांनी माझ्या हातात एक तिकीट ठेवलं: लॉस टिग्रेस देल नॉर्ते, म्हणजे उत्तरेचे वाघ, या मेक्सिकन बँडचं. एरवी जिथे बर्फावरची हॉकी चालते त्या भल्यामोठ्या अरीनात, त्यांच्याच गावात, त्यांचं गाणं.

"त्यांच्याच गावात" हे मुद्दाम लिहिलं. हे एर्नांदेस भाऊ मूळचे सिनालोआतल्या रोसा मोरादा या खेड्यातले. 1968 साली पोरसवदा वयात ते कॅलिफोर्नियात गायला आले. सरहद्दीवरच्या अधिकाऱ्यानं कौतुकानं त्यांना 'छोटे वाघ' म्हटलं, त्यावरून बँडचं नाव पडलं. सॅन होझेतल्या एका छोट्या रेकॉर्ड कंपनीच्या मालकानं त्यांना हाताशी धरलं आणि ते इथलेच झाले. तेव्हा सिलिकॉन व्हॅली हे नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. हे खोरं जर्दाळू आणि आलुबुखारच्या बागांचं होतं. फळं तोडायला आणि डबाबंद करायला जे हात लागत त्यांत मेक्सिकन हात फार. पूर्वेकडच्या त्यांच्या एका वस्तीचं नावच होतं 'साल सी पुएदेस', जमलं तर निघून दाखव! शेतमजुरांचे पुढारी सेसार चावेस याच वस्तीत राहिलेले.

आता कार्यक्रमाबद्दल. आमची जागा इतकी वर होती की माझ्या गुडघ्यांनी पायऱ्या मोजल्या. खाली टोप्यांचा समुद्र, बूट, ताटलीएवढी पट्ट्याची बक्कलं. आणि गाण्यांची यादी ठरलेली नाही! लोक कागदाच्या कपट्यावर फर्माईश लिहितात, कपटा हातोहात स्टेजपर्यंत जातो, भाऊ तो वाचतात आणि गातात. काही चिठ्ठ्यांत नुसतं गाणं, काहींत आईचं नाव, गावाचं नाव. मी टपाल खात्यात तीस वर्षं वर्गवारी केलेली बाई. सत्तरीच्या आसपासचे होर्हे एर्नांदेस गळ्यात अ‍ॅकॉर्डियन अडकवून एका हातानं त्या चिठ्ठ्या चाळत होते, ते पाहून मला माझं टेबल आठवलं. त्यांनी एकही चिठ्ठी चुरगळून टाकली नाही. तीन तास उलटून गेले तरी चिठ्ठ्या येतच होत्या, आणि मधल्या वाटांमध्ये जोडपी नाचत होती.

ते गातात त्याला कोरीदो म्हणतात. सन, ठिकाण, माणसाचं नाव सांगून बऱ्याचदा सुरुवात होते आणि शेवटी ऐकणाऱ्यांचा निरोप घेतात. आपल्या पोवाड्याच्या जवळचं. साथीला बटणांचं अ‍ॅकॉर्डियन आणि बाहो सेस्तो ही बारा तारांची जाडजूड गिटार. अ‍ॅकॉर्डियन आणि पोल्का या युरोपीय नाचाचा ठेका जर्मन वसाहतकऱ्यांकडून आला, हेही खरं. म्हणजे ते 'बाहेरून आलेलं'च! मग आपल्या कीर्तनातली पेटी कुठली म्हणायची?

कुणी म्हणेल, ही तस्करांची गाणी. आहेत ना. सत्तरच्या दशकात त्यांना नाव मिळालं तेच मोटारीच्या टायरमध्ये गांजा दडवून नेणाऱ्या कामेलियाच्या गाण्यानं. शेवटी ती साथीदाराला गोळ्या घालते. 2012 मध्ये अशाच एका गाण्यावरून मेक्सिकोतल्या चिवावा शहरानं त्यांना बंदीही केली होती. पण त्याच भावांनी तीन सरहद्दी चोरून ओलांडणाऱ्या एल साल्वादोरच्या मजुराचं गाणं केलं, 2018 मध्ये कॅलिफोर्नियातल्या फॉल्सम तुरुंगात जाऊन कैद्यांसमोर ते गायले, आणि जुन्या मेक्सिकन रेकॉर्डींचा एक प्रचंड संग्रह जतन व्हावा म्हणून त्यांच्या प्रतिष्ठाननं लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाला पाच लाख डॉलर दिले. हेही मोजायला नको का?

शेजारणीची फर्माईश होती 'ला हाउला दे ओरो', सोन्याचा पिंजरा. 1984 चं गाणं. कागदपत्रांशिवाय राहणारा बाप मुलाला विचारतो, परत मेक्सिकोत जाऊन राहू या का? मुलगा इंग्रजीत ठणकावून नाही म्हणतो. ते वाक्य आलं तेव्हा अख्ख्या अरीनानं मुलाची ओळ इंग्रजीत म्हटली. शेजारीणबाई हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या. मला अर्थ फोनवर वाचून कळला. माझा नातू "आजी, पाणी दे" एवढंच मराठीत म्हणतो, तेही मी रुसले तर.

न्यायला जावई आले होते. या शहरात त्यांना एकोणीस वर्षं झाली. गाडीत बसल्यावर त्यांनी विचारलं, "आई, गर्दी बरीच दिसतेय, कोण आलं होतं?" मी म्हटलं, आलं कुणी नव्हतं, इथलेच होते.

पुरवणीत शहरांची माहिती देताना तिथल्या मराठी मंडळापलीकडचे चार शब्दही छापावेत, एवढी विनंती.

ता. क.: लेखात सगळीकडे 'सॅन जोस' छापलं आहे. इथले अमेरिकन होझे म्हणतात, मेक्सिकन होसे. जोस कुणीच म्हणत नाही.

आपली,
एक वाचक, सातारा
(सध्या मुक्काम सॅन होझे)