सगळाच ‘ढीग’ नव्हे

संपादक महोदय,

इंग्रजीतून मराठी करताना हीप, पाइल, स्टॅक या तिन्हींना सर्रास ‘ढीग’ म्हटले जाते. हीप म्हणजे कसाही टाकलेला ढीग. उकिरड्यावरचा, न धुतलेल्या कपड्यांचा. पाइलमध्ये वस्तू एकावर एक असतात, पण कडा जुळतीलच असे नाही. स्टॅकमध्ये त्या जुळतात. म्हणून ताटल्यांची चळत, पोत्यांची थप्पी, वाळल्या गवताची गंजी. शब्द आयते आहेत, वापरायचे तेवढे.

उंचवट्यांत घोळ जास्त. माउंड बहुधा माणसाने रचलेला, हिल निसर्गाची. तरी इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातली सुमारे ४० मीटर उंचीची सिल्बरी हिल माणसांनीच रचली आहे. पुरातन दफनाच्या उंचवट्याला बॅरो म्हणतात. व्हीलबॅरोतला (एकचाकी हातगाडीतला) बॅरो वेगळाच, ‘वाहून नेणे’ या मुळाचा. सर्वांत फसवा डाउन. दक्षिण इंग्लंडमधले ‘साउथ डाउन्स’ म्हणजे खडूच्या दगडाच्या टेकड्या, सखल भाग नव्हे. जुन्या इंग्रजीत ‘डून’ म्हणजे टेकडी. ‘टेकडीवरून’ या अर्थाचा ‘ऑफ डूने’ झिजत झिजत ‘खाली’ अर्थाचा डाउन झाला.

आणि शेतातल्या रिजला कृपया टेकडी म्हणू नये. तो सरीशेजारचा वरंबा.

– काही भाषांतरकार