पडद्यावरची बाग नको, बांधावर न्या

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मागच्या महिन्यात पर्माकल्चरच्या, म्हणजे निसर्गाच्या धर्तीवर टिकाऊ शेती आखण्याच्या, प्रशिक्षणाला गेले होते. पहिला दिवस हॉलमध्येच गेला. १९७०च्या दशकात ऑस्ट्रेलियात बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन या दोघांनी हे कसं मांडलं ते पडद्यावर पाहिलं. जेवणानंतर निम्म्या बायका डुलक्या काढत होत्या, मीही त्यातलीच.

दुसऱ्या दिवशी वेगळ्या ताई आल्या. तीन बांबू, सुतळी आणि एक दगड देऊन त्यांनी आम्हाला थेट रानात नेलं. दोन बांबूंची कैची, मधे आडवा बांबू, शेंड्यापासून लोंबता दगड. सुतळी आडव्या बांबूवरच्या मधल्या खुणेवर थांबली की कैचीचे दोन्ही पाय एका पातळीत. तसे कैचीचे पाय टाकत, फक्कीने खुणा करत गेलो. उतार आम्ही समजत होतो त्याच्या भलत्याच बाजूला निघाला! पावसाचं पाणी बांध कुठे फोडतं, हे मात्र एका म्हाताऱ्या आजींनी आधीच बोटाने दाखवलं होतं. ताईंनी ते वहीत लिहून घेतलं, याचं मला जास्त कौतुक.

श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवारात, म्हणजे स्वतः प्रयोग करणाऱ्या शेतकऱ्यांच्या गटांत, शेतकरीच एकमेकांना शिकवत. मग आजही हॉलचं भाडं कशाला? आयोजकांनी पहिला दिवसही शेतातच ठेवावा. आमची कैची सध्या शेजारच्यांनी नेली आहे, अजून परत आलेली नाही.

– एक शेतकरी महिला, ता. माण, जि. सातारा